मैदानातला कवी : शाहीर अमर शेख

१९६९ सालच्या पावसाळ्यात अवघ्या अडीच महिन्यांत महाराष्ट्राने तीन आवाज गमावले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात शाहीर अमर शेख गेले. ज्या त्रिमूर्तीच्या शब्दांनी आणि सुरांनी संयुक्त महाराष्ट्राची मैदाने दणाणून सोडली होती, ती राज्य मिळाल्यानंतर दहा वर्षेही पुरती राहिली नाही. अत्र्यांची भाषणे आणि अग्रलेख आजही वाचले जातात. अण्णा भाऊंच्या जयंतीला गावोगाव मिरवणुका निघतात. अमर शेखांचे नाव मात्र दरवर्षी १ मेच्या सुमारास शाहिरांच्या यादीत एकदा येते आणि पुन्हा वर्षभरासाठी मागे पडते.

याचे एक कारण उघड आहे. लेखकाचे पुस्तक मागे राहते, गायकाचा आवाज त्याच्याबरोबर जातो. पण अमर शेख हे केवळ गायक नव्हते. ते कवी होते, त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झालेले आहेत आणि कवी म्हणून आपली दखल घेतली जावी अशी अपेक्षा धरण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तो अधिकार मराठी साहित्यव्यवहाराने त्यांना हात आखडता घेऊनच दिला. कविता उघड्या मैदानात, हजारोंच्या गर्दीत, डफावर थाप मारून म्हटली की ती कविता राहत नाही, प्रचार होते, असा एक समज आपल्याकडे फार काळ होता. अमर शेखांचे आयुष्य या समजाशी झुंजण्यात गेले.

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, एका गरीब मुस्लिम कुटुंबात. घरात पैसा नव्हता, पण गाणे होते. आई मुनेरबी यांना लोकगीतांचे मोठे भांडार मुखोद्गत होते. जात्यावर, अंगणात, सणावारी म्हटली जाणारी अस्सल मराठी गाणी या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडली. पुढे ज्या मराठी भाषेने लाखोंना हलवून सोडले, ती त्यांना शाळेत मिळालेली नव्हती. ती आईच्या तोंडून मिळालेली होती. आज भाषा आणि धर्म यांची सांगड घालण्याची घाई झालेल्यांनी मुनेरबींच्या या वारशाकडे जरूर पाहावे.

शिक्षण फारसे होण्यासारखी परिस्थितीच नव्हती. पोटासाठी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, मग गिरणीत कामगार झाले. बार्शी हे त्या काळी कापसाच्या व्यापाराचे आणि गिरण्यांचे गाव. तिथल्या कामगारांच्या लढ्यात तरुण मेहबूब पुढे होता आणि त्यापायी त्याला तुरुंगवासही घडला. आपल्याकडे कित्येकांचे राजकीय शिक्षण तुरुंगात झाले, तसे त्याचेही झाले. साम्यवादी विचारांशी त्याची ओळख या काळातली.

त्यानंतरचा टप्पा कोल्हापूरचा. मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत त्याने काही काळ काम केले आणि ‘अमर शेख’ हे नाव त्याला तिथेच मिळाले. चित्रपटाच्या दुनियेत रमला असता तर बऱ्यापैकी स्थैर्यही लाभले असते. धिप्पाड देह, बोलका चेहरा आणि दूरवर पोहोचणारा आवाज ही पडद्यासाठीही चांगलीच शिदोरी होती. पुढे ‘महात्मा फुले’ (१९५४) आणि ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटांत त्यांनी कामे केलीही. पण ओढ होती ती मुंबईची, आणि मुंबईतही गिरणगावाची.

१९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. हा काळ समजून घेतल्याशिवाय या धाडसाची कल्पना येणार नाही. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून कम्युनिस्ट पक्ष अलग राहिला होता. युद्धाला त्याने लोकयुद्ध म्हटले होते. या भूमिकेमुळे राष्ट्रवादी जनमतात पक्षाविषयी कमालीचा रोष होता, आणि तो अनाठायी होता असेही म्हणता येणार नाही. अशा वेळी या पक्षाचा झेंडा नावातच मिरवणारे पथक घेऊन लोकांसमोर जायचे आणि त्यांना गाणे ऐकायला लावायचे, हे सोपे काम नव्हते. भाषण ऐकायला जे थांबले नसते ते पोवाडा ऐकायला थांबले. याआधी १९४३ मध्ये भारतीय लोकनाट्य संघाची, म्हणजे ‘इप्टा’ची, स्थापना मुंबईतच झाली होती आणि देशभर कलावंत रंगमंच सोडून लोकांत जाऊ लागले होते. महाराष्ट्रात या प्रवाहाला डफ-तुणतुण्याचे रूप दिले ते या तिघांनी.

तिघांपैकी अण्णा भाऊ वाटेगावच्या मांग कुटुंबातले, अमर शेख बार्शीच्या मुसलमान कुटुंबातले. दोघांच्याही वाट्याला शाळा अशी आलीच नाही. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या माणसांना या पथकात आपलीच माणसे दिसत. लेखणीचे बळ मुख्यतः अण्णा भाऊंचे आणि गळ्याचे बळ अमर शेखांचे, अशी त्यांची विभागणी सर्रास सांगितली जाते. ती बऱ्याच अंशी खरी असली तरी अमर शेखांवर थोडी अन्याय करणारी आहे. कारण त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रचनांकडे दुर्लक्ष होते.

मैदानातली कविता म्हणजे काय, हे शहरी वाचकाला आज समजावून सांगावे लागेल. पुस्तकातली ओळ कळली नाही तर वाचक मागे जाऊन ती पुन्हा वाचू शकतो. मैदानात ती सोय नसते. शाहिराच्या तोंडून निघालेला शब्द एकदाच कानावर येतो, आणि तोही वाऱ्याबरोबर, मुलांच्या रडण्याबरोबर, रस्त्यावरच्या ट्रामच्या खडखडाटाबरोबर. त्या एका क्षणात तो समजला नाही तर गेला. पोवाड्याच्या जुन्या बांधणीत यावर उपाय आहे. शाहीर ओळ म्हणतो, मागचे झीलकरी तिचे शेपूट उचलून धरतात, पुन्हा घोळवतात. तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो आणि शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला अर्थ लावता येतो. मधूनच गाणे थांबते, शाहीर साध्या बोलीत कथानक पुढे सरकवतो, एखादी कोपरखळी मारतो, गर्दी हसते, आणि डफावर थाप पडताच पुन्हा सूर चढतो. शेकडो वर्षे मराठी मुलखात कविता या पद्धतीनेच निरक्षरांपर्यंत पोहोचली. अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासापासून ही परंपरा सुरू होते. पेशवाईच्या अखेरीस ती रामजोशी, अनंतफंदी, प्रभाकर, होनाजी बाळा, सगनभाऊ यांच्या हाती आली. सगनभाऊ मुसलमान होते, ही गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. अमर शेखांनी छत्रपती शिवाजी महाराजांचा पोवाडा रचून गायला तेव्हा ते परक्या अंगणात शिरत नव्हते, आपल्याच वडीलधाऱ्यांच्या वाटेने चालले होते. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवरायांचा पोवाडा लिहून ती वाट शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या बाजूला वळवली होती. अमर शेखांनी तीच पुढे नेली.

त्यांच्या आवाजाविषयी ज्यांनी तो प्रत्यक्ष ऐकला ते सगळे एकाच सुरात बोलतात. तो पहाडी होता, ध्वनिक्षेपकाची फारशी पर्वा न करणारा होता. पण नुसत्या उंच आवाजाने हजारो माणसे दोन-दोन तास जमिनीवर बसून राहत नाहीत. अमर शेख गाताना उभा देह त्या गाण्यात ओतत. दुष्काळाचे वर्णन आले की आवाज खाली येई, गोळीबाराचे आले की तो कडाडे, आणि विनोद आला की हाच धिप्पाड माणूस गर्दीतल्या एखाद्या म्हाताऱ्याशी बोलावे तसा बोलू लागे. परळचे कामगार मैदान, नरे पार्क, गिरगाव चौपाटी, शिवाजी पार्क ही त्यांची व्यासपीठे. गिरणीची पाळी संपवून आलेला माणूस हा त्यांचा वाचक. त्या वाचकाने कधी तिकीट काढले नाही की पुस्तक विकत घेतले नाही. पण कविता आवडली नाही तर तो सरळ उठून जाई, हे कुठल्याही समीक्षेपेक्षा कठोर होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या सरकारने कम्युनिस्टांविरुद्ध कारवाई सुरू केली, तिच्या झळा कलापथकालाही बसल्या. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याला ‘लोकनाट्य’ हे नाव देऊन मार्ग काढला. अमर शेखांनी या वर्षांत आपला फिरता संसार चालूच ठेवला. १९४७ मध्ये कुसुम जयकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. धर्म आणि जात ओलांडणारा हा विवाह चळवळीच्या धकाधकीत टिकला. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख या पुढे मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री झाल्या. त्यांचा मार्ग मात्र वडिलांपेक्षा अगदी वेगळा, स्वतःच्या आतल्या उलथापालथीचा आहे.

१९५५ उजाडले आणि या शाहिराला त्याचे खरे मैदान मिळाले. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालाने मराठी भाषकांच्या एका राज्याची मागणी नाकारली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार होऊन १५ जण मृत्युमुखी पडले; जानेवारी १९५६ मध्ये मुंबई पुन्हा रक्ताने न्हाली आणि हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, क्रांतिसिंह नाना पाटील अशी एरवी एकमेकांशी न पटणारी माणसे एका व्यासपीठावर आली. त्या व्यासपीठावर भाषणांआधी शाहीर उभे राहत. सभा शाहिरांनी तापवायची आणि मग पुढाऱ्यांनी बोलायचे, असा शिरस्ताच पडून गेला. पण पुष्कळदा लोक शाहिरांसाठीच येत आणि पुढाऱ्यांना ऐकून जात, असे म्हणणे अधिक वस्तुस्थितीला धरून होईल.

भाषावार प्रांतरचना, द्विभाषिक, सीमाभाग हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळत. सातारा-कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराला ते कसे सांगायचे? अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीने ते सांगितले. पोटासाठी मुंबईला आलेल्या एका माणसाची लाडकी बायको गावाकडे राहून गेली, एवढाच तिचा विषय. ऐकणाऱ्यातल्या प्रत्येकाची बायको खरोखरच गावाकडे राहिलेली होती. मग हळूहळू त्या विरहात बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात आणि तुटलेला मुलूख हीच ताटातूट झालेली मैना होऊन जाते. राजकीय प्रश्नाला असे घरगुती दुःखाचे रूप देणे हे थोर कवीचेच काम आहे. ही रचना मैदानामैदानांतून लोकांच्या काळजापर्यंत पोहोचवण्यात अमर शेखांच्या गळ्याचा वाटा फार मोठा. दुसऱ्याची कविता आपलीशी करून गाणे, त्यासाठी स्वतःतला कवी बाजूला ठेवणे, हे आजच्या कवींना किती जमेल याची शंकाच आहे.

याच वर्षांत गोवा मुक्तीचा लढाही चालू होता. त्यासाठीही अमर शेख गात राहिले. गावोगावच्या सभांतून गाऊन झाल्यावर ते झोळी पसरत आणि लोक त्यात आणे-दोन आणे टाकत. हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी, चळवळीसाठी, संपकऱ्यांसाठी अशी कितीतरी झोळी त्यांनी फिरवली. स्वतःच्या घरात चणचण असणाऱ्या या माणसाच्या झोळीविषयी कधी कोणी संशय घेतल्याचे ऐकिवात नाही.

आचार्य अत्रे यांनी अमर शेखांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हटले. अत्र्यांच्या अतिशयोक्तीची सवय असलेल्यांनी ते हसण्यावारी नेले असेल, पण तुलना अस्थानी नव्हती. रशियन क्रांतीचा तो कवीही चौकात, कारखान्यात, मोठमोठ्या सभांतून खणखणीत आवाजात कविता म्हणत असे. फरक एवढाच, की मायकोव्हस्कीला त्याच्या देशातल्या समीक्षेने कवी म्हणून आधी मान्य केले होते.

इथे मराठी कवितेच्या त्या वेळच्या स्थितीकडे पाहिले पाहिजे. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ १९४७ मध्ये आला आणि मराठी कविता बदलली. यंत्रयुगातल्या माणसाची तुटलेली अवस्था त्या कवितेने पकडली, यात वाद नाही. पण तिच्याबरोबर दुर्बोधतेचा वाद आला, कविता विशेषज्ञांच्या चर्चेचा विषय झाली. एकाच शहरात, गिरणीच्या भोंग्याच्या टापूत, एका बाजूला नवकवी यंत्राच्या चाकाखाली सापडलेल्या माणसावर लिहीत होते आणि दुसऱ्या बाजूला तो माणूस प्रत्यक्षात नरे पार्कात बसून अमर शेखांची कविता ऐकत होता. या दोन कविता एकमेकींना भेटल्या नाहीत. त्यात नुकसान दोघींचेही झाले असे मला वाटते. मैदानी कवितेला थोडी अंतर्मुखता मिळाली असती, नवकवितेला थोडा श्रोता मिळाला असता.

अर्थात मधली वाट शोधणारेही होते. विसाव्या दशकात पुण्याच्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली होती. वसंत बापटांनी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिले. पुढे विंदा करंदीकर, बापट आणि पाडगावकर या तिघांनी गावोगावी जाऊन कवितावाचन केले आणि मध्यमवर्गाला कविता ऐकायची गोडी लावली. पण या कार्यक्रमांना बहुधा सभागृह असे, खुर्च्या असत, आणि श्रोता शिकलेला असे. अमर शेखांचा श्रोता या सभागृहात क्वचितच दिसला असेल.

त्यांचे स्वतःचे संग्रह ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३). याशिवाय त्यांनी ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिले, नियतकालिकाच्या संपादनातही लक्ष घातले. या संग्रहांतली प्रत्येक कविता सारखी उतरलेली आहे असा दावा कोणी करणार नाही. पुष्कळ ठिकाणी घोषणा कवितेवर मात करते. डफाच्या साथीने जी ओळ अंगावर काटा आणत असेल, ती छापील पानावर कधी कधी उघडी पडते. पण माती, श्रम, आई या विषयांवर ते लिहितात तेव्हा बार्शीच्या घरातले जाते पुन्हा फिरू लागते, आणि तिथे घोषणेचा मागमूसही नसतो. त्यांच्यातला हा कवी मैदानातल्या त्यांच्याच प्रचंड आवाजाखाली थोडा दबून गेला, हे कबूल केले पाहिजे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली, बेळगाव, कारवार राहिले. मैनेचा विरह संपला नाही, पण मैदाने शांत झाली. ज्या समितीसाठी शाहीर कंठशोष करत होते ती विस्कटली. १९६२ च्या चिनी आक्रमणाने कम्युनिस्ट पक्षातले मतभेद उघड्यावर आले आणि १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. या आक्रमणाच्या वेळी अमर शेख संरक्षण निधीसाठी गाणी म्हणत फिरले. पक्षापेक्षा देश आणि तत्त्वचर्चेपेक्षा समोरचा माणूस त्यांना नेहमीच जवळचा वाटला होता. त्यामुळे हा निर्णय घ्यायला त्यांना फार विचार करावा लागला नसावा.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रस्त्यावरचे राजकारण पालटले. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि मराठी माणसाच्या प्रश्नाला वेगळी दिशा लागली. ज्या शिवाजी पार्कवर अमर शेखांनी शिवरायांचा पोवाडा गायला होता तिथेच आता दुसऱ्या सभा होऊ लागल्या. गिरणगावात लाल बावट्याची पकड ढिली होत गेली. शाहिरी थांबली नाही. शाहीर साबळे यांच्यासारख्यांनी ती नव्या रूपात जोपासली, दलित चळवळीतून भीमशाहिरांची जोमदार परंपरा पुढे आली. पण एका सभेत सर्व जातिधर्मांचा कामगार खांद्याला खांदा लावून एका मुसलमान शाहिराच्या तोंडून मराठी मुलखाचे गाणे ऐकतो आहे, हे दृश्य दुर्मीळ होऊ लागले ते याच काळात.

अमर शेखांचे दौरे मात्र चालूच होते. मोटारीवर क्लीनर म्हणून सुरू झालेले आयुष्य अखेरपर्यंत रस्त्यावरच राहिले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गोरेगावात अत्यंत हलाखीत वारले. कलापथकाचा सहकारी गेल्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेखांचा अंत झाला. वय ५२. अण्णा भाऊंनी तर पन्नाशीही गाठली नव्हती.

मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचे लोककलांचे अध्यासन आहे. ज्यांच्यासाठी ते गायले त्यांच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. नरे पार्क आणि कामगार मैदान अजून आहेत. संध्याकाळी तिथे मुले क्रिकेट खेळतात.